बडे बाबू आणि शून्याची रेषा

बडे बाबूंना मी आयुष्यात दोनदाच समोरासमोर पाहिलं. एकदा नोकरीत असताना आणि एकदा निवृत्त झाल्यावर. मधल्या सगळ्या वर्षांत मात्र ऑफिसात शिरल्याशिरल्या त्यांची चौकशी केली नाही, असा माझा एकही दिवस गेला नसेल.

बडे बाबू म्हणजे कोणी अधिकारी नव्हेत. उत्तराखंडात, तिबेटच्या हद्दीकडे, साडेसहा हजार मीटरच्या आसपास उंचीचं एक शिखर आहे, त्याचं आमच्या विभागातलं हे नाव. खरं नाव इथे देत नाही; पुढे ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांना कोणी शोधत जाऊ नये म्हणून. टोपणनाव कोणी पाडलं ठाऊक नाही, पण दिल्लीच्या सरकारी ऑफिसात शोभेल असंच होतं. शिखर सकाळी ढगात तोंड लपवून बसलं की, "बडे बाबू आज सीट पर नहीं हैं." माथ्यावरून बर्फाचा धुरळा उडतोय असं खालून कोणी कळवलं की, "बडे बाबू गरम हैं, फाइल मत भेजना."

आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मला नोकरीतल्या गमतीजमती लिहायला सांगितलंय. गमती होत्या, त्या सांगते. पण त्यांच्यापाशी थांबता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी वर्धा जिल्ह्यातली. आमच्या गावात उंच असं काही असेल तर ती पाण्याची टाकी. नागपूरला फिजिक्स शिकले, परीक्षा दिली आणि हवामानाच्या सरकारी नोकरीत दिल्लीला आले. डोंगराळ भागाच्या अंदाजांचा विभाग मिळाला. मुलीची हिमालयात नेमणूक झाली असं वडिलांनी गावभर सांगितलं, आणि मी सरोजिनी नगरच्या तळमजल्यावरच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. तिथल्या खिडकीतून समोरच्यांची वाळत घातलेली पांघरुणं दिसायची, हिमालय नाही.

आमचं काम काय, हे लोकांना सांगताना मी नेहमी शिखराच्या दगडापासून सुरुवात करते. बडे बाबूंचा माथा चुनखडीचा आहे. म्हणजे समुद्राचा तळ. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे पाणी होतं. भारताची जमीन उत्तरेला जाऊन धडकली, तेव्हा तो तळ वर उचलला गेला. चुनखडीच्या खाली जुना, कठीण, भाजून निघालेला दगड. दोन्हींच्या सांध्यावर एक पिवळट पट्टा, तिथला दगड चुरगळल्यासारखा, भेगाभेगांचा. सगळे थर उत्तरेकडे कललेले. पुस्तकांची चळत कलंडावी तसे. त्यामुळे तिबेटकडची बाजू घराच्या छपरासारखी उतरती आणि आपल्याकडची बाजू म्हणजे नुसता कडा. आणि त्या भेगाळलेल्या कड्याला धरून ठेवतो तो भेगांमधला बर्फ. घराला सिमेंट, तसा तिथे बर्फ.

आता हवा. बडे बाबूंकडे पाहुणे दोन. उन्हाळ्यानंतर दक्षिणेकडून मान्सून येतो, तो आपल्या बाजूच्या कड्यावर सगळं ओतून मोकळा होतो. पलीकडे जेमतेम शिंतोडे. थंडीत पश्चिमेकडून, पार भूमध्य समुद्राकडून वादळं येतात, ती बर्फ देतात. त्यांचं इंग्रजी नाव वेस्टर्न डिस्टर्बन्स, आम्ही नुसतं डब्ल्यूडी म्हणायचो. आणि या सगळ्याच्या वर, माथ्याला घासून वाहणारा एक वेगवान वारा. तो वारा उत्तरेला सरकला आणि मान्सून अजून यायचा आहे, अशा मधल्या दिवसांत शिखर चढता येतं. गिर्यारोहक त्याला विंडो म्हणतात. आमच्याकडे सगळे यायचे ते ही खिडकी कधी उघडते ते विचारायला.

आम्ही ते ठरवायचो कसं? उपग्रहाची चित्रं, मॉडेलं, पायथ्याशी ठेवलेलं माणसाविना चालणारं यंत्र, आणि फुगा. रोज हवेत एक मोठा फुगा सोडतात, त्याला छोटं यंत्र बांधलेलं असतं. ते वर जाता जाता किती उंचीवर किती गार आहे ते कळवतं. त्यात मी सगळ्यात आधी बघायची ती शून्याची रेषा, म्हणजे हवेचं तापमान कुठल्या उंचीवर शून्याला येतं ते. तिच्याखाली पाऊस, तिच्यावर बर्फ. तिच्याखाली दगड सुटे, तिच्यावर जखडलेले. वर जाणाऱ्या माणसाचा जीव या एका रेषेवर असतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. गुडगावच्या एका कारखानदाराला वडिलांच्या अस्थी हेलिकॉप्टरमधून बडे बाबूंवर सोडायच्या होत्या. तिथीलाच. त्या दिवशी डब्ल्यूडी येत होता. मी सांगितलं, होणार नाही. तर ते फोनवर म्हणाले, "मॅडम, पंडितजी से मुहूर्त निकल चुका है. आप थोड़ा मौसम एडजस्ट करवा दीजिए ना, ऊपर किससे बात करनी होगी?" मी म्हटलं, "ऊपर ही तो बात नहीं बन रही." ते हसले नाहीत. माझ्या वरिष्ठांकडे तक्रार मात्र गेली.

पानिपतहून एक ब्लँकेटचे व्यापारी दर वर्षी पावसाळा संपता संपता फोन करायचे. बडे बाबूंच्या पायथ्याच्या सगळ्या खोऱ्यात त्यांचा माल जायचा. "बहनजी, इस बार बर्फ कैसी रहेगी?" मी म्हणायची, इतक्या आधी सांगता येत नाही. ते म्हणायचे, "फिर भी, मन से बताइए." मी मनातलं सांगायची आणि ते त्यावर विणकरांना कामाला लावायचे. अशी कित्येक वर्षं गेली. मग एका वर्षी फोन आला नाही. मला वाटलं, गेले की काय. मीच केला. ते खणखणीत होते. म्हणाले, "अब क्या पूछना बहनजी. वहाँ अब भारी माल कोई लेता ही नहीं. मैंने तो चादरें शुरू कर दीं." आमच्या विभागात हवा बदलल्याच्या चर्चा पुष्कळ व्हायच्या, चहाबिस्किटांसकट. मला ती बातमी पोचली ती या माणसाकडून.

अभिमानाचीही एक गोष्ट आहे. एका मोहिमेचे प्रमुख निवृत्त मेजर होते. वरच्या कॅम्पवरून त्यांचा फोन आला. "मॅडम, एकदम नीला आसमान है. हम निकल रहे हैं." माझ्यासमोरच्या चित्रात इराणच्या पलीकडे एक डब्ल्यूडी वेगानं निघालेला दिसत होता. मी म्हटलं, निघू नका, खाली उतरा. ते चिडले. दिल्लीच्या खुर्चीत बसून, वगैरे बरंच बोलले. मी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं. शेवटी उतरले. मग वर असा बर्फ पडला की त्यांचे तंबू सापडायला पुढचा मोसम उजाडला. महिन्याभरानं मेजरसाहेब ऑफिसात आले आणि टेबलावर एक काळा दगड ठेवला. त्यात शंखासारखी गोल नक्षी उठली होती. समुद्रातल्या कुठल्या तरी प्राण्याची, बडे बाबूंच्या वरच्या उतारावर मिळालेली. "आपके लिए," म्हणाले, आणि नमस्कार करून गेले. पुढच्याच वर्षी मी पायथ्याच्या गावी यंत्र बसवायच्या कामाला गेले आणि बडे बाबूंना पहिल्यांदा पाहिलं. पहाटे सगळा कडा गुलाबी झाला होता आणि कुठेही आवाज नव्हता. इतका मोठा दगड इतका शांत असू शकतो, याचं मला हसू आलं होतं.

त्या दिवसांत आम्हाला डोंगर कळतो असं आम्हाला वाटायचं, आणि ते खरंही होतं.

सरोजिनी नगर सुटल्यावर आम्ही दिल्लीतल्याच द्वारकेला सोसायटीत फ्लॅट घेतला. तिथे खालच्या मजल्यावर सबनीस राहायचे. केंद्र सरकारात हिंदी अनुवादक होते. आयुष्यभर इंग्रजी परिपत्रकांचं हिंदी करत आले. बायको लवकर गेली. एकच मुलगी, मैत्रेयी. ती आमच्याकडेच वाढली म्हटलं तरी चालेल. मला मावशी म्हणायची. इंजिनीअर झाली, नोकरीला लागली आणि दोनेक वर्षांत ती सोडून डोंगरात गेली. पुढे लोकांना शिखरांवर नेणारी वाटाड्या झाली. सबनीस वरवर कुरकुर करायचे, पण सोसायटीत कोणीही भेटलं की तिचे फोटो दाखवायचे.

तिचं मराठी दिल्लीचं होतं. माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून तर्री पोहे खाता खाता म्हणायची, "मावशी, यार, मराठीत डोंगराचे शब्दच नाहीत." मी चिडून तिला एकेक सांगायची. कपार. सुळका. कडा. खिंड. घळ. घळ तिला फार आवडला. "घळ! बिल्कुल तसाच वाटतो बोलताना. आत पडल्यासारखा." मग ती त्यांच्या मोहिमांत तोच शब्द वापरायला लागली, तिच्याबरोबरचा कुंदनसुद्धा घळ म्हणायला शिकला. कुंदन बडे बाबूंच्या पायथ्याच्या गावचा, तिच्या दोराचा जोडीदार.

माझ्या निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. मेचा शेवट. दिल्ली अशी तापली होती की नळाचं पाणी हातावर घेववत नव्हतं. उत्तर भारतावर गरम हवेचं एक मोठं झाकण बसलं होतं आणि ते हलत नव्हतं. मैत्रेयी आणि कुंदन दोन पाहुण्या गिर्यारोहकांना घेऊन बडे बाबूंवर गेले होते. आमच्या विभागाचा अंदाज त्यांना रीतसर जात होताच, तरी खालच्या कॅम्पवरून तिनं मला फोन लावला.

"मावशी, बडे बाबू काय म्हणतात? सीधं सांग. विंडो आहे की नाही?"

"आहे. चांगली मोठी आहे. वारा नाही, ढग नाहीत, डब्ल्यूडी लांब आहे."

"मग तुझा आवाज असा का?"

"शून्याची रेषा फार वर गेलीय गं. माथ्याच्याही वर."

"रात्री तर गोठेल ना?"

"आकाश मोकळं आहे. रात्री दगडातली उष्णता निघून जाते. गोठतं."

"चलो. मग आम्ही काळोखातच घळीत शिरू आणि ऊन यायच्या आत बाहेर. पाहुणे खालीच राहतील, आधी मी आणि कुंदन दोर लावून येतो."

"हो. उन्हाच्या आत बाहेर."

"बाबांना सांग, इथून पुढे नेटवर्क नाहीये. आणि त्यांना कूलरमध्ये पाणी भरायला सांग, ते विसरतात."

मी तिला सांगितलं ते कोणीही सांगितलं असतं. मेजरसाहेबांनीही, आमच्या वरिष्ठांनीही, परदेशातल्या एखाद्या तज्ज्ञानंही. पहाटे डोंगर गोठलेला असतो, पहाटे चढावं, हे सगळे मानत आले आहेत. त्या दिवशी हवामान चांगलं होतं. आमचा अंदाज तंतोतंत बरोबर ठरला. वारा नव्हता, ढग नव्हता.

उजाडायच्या सुमारास ते दोघं घळीत होते, पिवळ्या पट्ट्याच्या खाली. कुंदन दोर बांधायला बाजूच्या कपारीत शिरला होता. मैत्रेयी मधोमध होती. तिनं वर पाहून विचारलं, "पाण्याचा आवाज येतोय का?" कुंदनलाही आला. पहाटे, त्या उंचीवर, दगडाच्या आतून पाणी वाहत असल्याचा आवाज. तो काही बोलणार तेवढ्यात पिवळ्या पट्ट्याचा एक तुकडा सुटला. तुकडा म्हणजे आमच्या सोसायटीच्या एका विंगएवढा. कुंदनचा हात मोडला, कपारीमुळे तो वाचला. धूळ बसली तेव्हा घळ राहिली नव्हती. तिथे नुसता दगडांचा ढीग होता.

बातमी आधी मोहिमेच्या कंपनीला आली आणि तिथून सबनीसांना. दुपारी मी ऑफिसात असताना त्यांचा फोन आला. त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. "ताई, तुम्ही घरी येऊ शकाल का? मला त्यांचं बोलणं नीट समजलं नाही. ते म्हणतायत, हवा छान होती."

मी मेट्रोनं निघाले. ब्लू लाइनवर जनकपुरीनंतर डब्यात खालीच बसले. एका बाईनं मला पाण्याची बाटली दिली. तिला वाटलं, ऊन लागलंय.

सबनीस जेवणाच्या टेबलाशी बसले होते. मी गेल्यावर त्यांनी एकच विचारलं, "चुकलं काय?"

मी समोरच्या खुर्चीत बसले. म्हटलं, "काही चुकलं नाही."

"तिचं?"

"नाही."

"तुमचं?"

"मी निघायच्या आधी सगळे आकडे पुन्हा तपासले. नाही."

"मग?"

मी त्यांना सांगितलं ते असं. त्या रात्री दगडाचा वरचा पापुद्रा गोठला होता, तिथपर्यंत आमचं बरोबर होतं. पण आत, हात-दोन हात खोल, भेगांमधला बर्फ त्या एका दिवसात नाही, आधीच्या कित्येक आठवड्यांत, कदाचित कित्येक उन्हाळ्यांत मऊ पडत आला होता. एका थंड रात्रीनं तो परत गोठत नाही. आणि दगडाच्या पोटातलं तापमान आमच्या कुठल्याच यंत्रात येत नाही. फुगा हवेतून जातो, दगडातून नाही.

सबनीसांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे दोषच नाही कुणाचा." आणि पहिल्यांदा रडले. मला तेव्हा वाटलं, आणि अजून वाटतं, की माझी चूक निघाली असती तर बरं झालं असतं. त्यांना कोणावर तरी रागावता आलं असतं. आणि मला, ती सुधारली की पुढचं कोणी मरणार नाही, असं तरी म्हणता आलं असतं.

चौकशी झाली. मृत्यूचं कारण नैसर्गिक ठरलं. सबनीसांनी तो शब्द माझ्यासमोर दोन-तीनदा उच्चारून पाहिला. "ताई, हा शब्द मी नोकरीत शेकडो वेळा लिहिला. नैसर्गिक आपत्ती, नैसर्गिक कारण. पाण्याचा आवाज पहाटे येणं, हे नैसर्गिक आहे का?" मी नाही म्हटलं. "मग मी काय लिहीत होतो?" म्हणाले.

निवृत्त व्हायच्या आत मी एक काम करून बघितलं. डोंगराच्या अंदाजात नुसता वारा आणि ढग देऊन भागणार नाही, दगडाच्या उष्णतेबद्दलही काही सांगायला हवं, असं लेखी मांडलं. बैठक झाली. एक तरुण सहकारी, भला मुलगा, म्हणाला, "मॅडम, बात सही है, लेकिन डेटा कहाँ है?" डेटा नव्हताच. कड्यात यंत्रं बसवायला माणसं पाठवायची कुठे? त्याच कड्यात? शेवटी अंदाजाच्या तळाशी एक ओळ घालायचं ठरलं: उष्णतेच्या काळात गिर्यारोहकांनी काळजी घ्यावी. कसली काळजी, कशी, ते मलाही लिहिता आलं नसतं. ती ओळ अजून असते. ती वाचून कोणी परतल्याचं मी ऐकलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सबनीस म्हणाले, "मला तिथे जायचंय. तुम्ही बरोबर याल?" मृतदेह मिळाला नव्हता, दगड उपसायला कोणी वर जाऊ शकत नव्हतं. आम्ही दोघं ऋषिकेशपर्यंत ट्रेननं आणि पुढे जीपनं गेलो. कुंदन रस्त्यावर उभाच होता. त्याचा हात वाकडा जुळला होता. आता तो मोहिमांवर जात नव्हता, गावात किराणा दुकान चालवत होता. त्यानं सबनीसांचे पाय धरले आणि धरूनच राहिला. सबनीस म्हणाले, "उठो बेटा. तुम बच गए, यह अच्छा हुआ." ते मनापासून म्हणत होते. मला ते ऐकवेना, मी बाजूला जाऊन उभी राहिले.

गावाच्या वरच्या कुरणातून बडे बाबू दिसतात. मी दुसऱ्यांदा पाहिलं. पिवळा पट्टा फाटलेला होता आणि त्याखाली कड्यावर एक लांबच लांब ताजा, फिकट ओरखडा होता. बाकी कडा पूर्वी वर्षभर पांढरा असायचा, तो उघडा, काळपट आणि ओला. आणि आवाज. ऊन चढलं तसा वरून दगडांचा खडखडाट सुरू झाला, तो थांबेचना. मधेच एक मोठा निखळायचा, धुळीचा लोट उठायचा, मग थोडा वेळ शांतता, मग परत. कुंदन म्हणाला, "अब रोज़ ऐसा ही है. घास पर भी पत्थर आ जाते हैं. भेड़ें इधर नहीं लाते."

सबनीस छत्री उघडून एका दगडावर बसून राहिले. मग म्हणाले, "ताई, तुम्ही इतकी वर्षं या डोंगराचा अभ्यास केलात ना?"

"हो."

"मग हा कधी थांबेल?"

ज्याचा मी अभ्यास केला तो डोंगर आता तिथे नव्हता. त्याच जागी, त्याच नावाचा, तेवढ्याच उंचीचा दुसराच कोणी उभा होता, आणि त्याची रीतभात मला ठाऊक नव्हती. ज्याची ओळख व्हायला एक अख्खी नोकरी गेली, त्याच्याबद्दलचं माझं ज्ञान माझ्या डोळ्यांदेखत शिळं झालं होतं. हे मी सबनीसांना सांगितलं नाही. म्हटलं, "माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. परतीच्या वाटेवर जीपमध्ये ते झोपले, मला झोप लागली नाही.

दिल्लीला आल्यावर त्यांनी एक नवीन सवय लावून घेतली. रोज सकाळी चहाच्या वेळेला फोन करतात. "ताई, आज तिथे काय आहे?" मी निवृत्त असले तरी ऑफिसातले जुने सहकारी फुग्याचे आकडे पाठवतात, नाही म्हणत नाहीत. मी रेषा काढते आणि सांगते. थंडीत रेषा खाली असते, खोऱ्यात कुठे तरी. तेव्हा सबनीसांचा आवाज मोकळा होतो. "बरं, बरं. म्हणजे आज काही हलणार नाही." मग ते बाजाराचं विचारतात, माझ्या गुडघ्यांचं विचारतात. मुलगी जिथे आहे तिथे ती स्वस्थ आहे, एवढंच त्यांना हवं असतं.

डिसेंबर-जानेवारीत असे दिवस अजून मिळतात. पूर्वीपेक्षा कमी.

या जूनमध्येही तेच गरम झाकण बसलं. सकाळी आकडे आले, मी रेषा काढली, ती पुन्हा माथ्याच्या वर गेली होती. फोन वाजला. मी क्षणभर तो नुसता हातात धरून उभी राहिले. मग उचलला.

"ताई, आज?"

"आज वर आहे, सबनीससाहेब."

"किती वर?"

"शिखराच्याही वर."

ते म्हणाले, "खाली येता का? मी चहा टाकलाय."

मी गेले. बाल्कनीत बसलो. सकाळचे आठही वाजले नव्हते तरी कठडा तापला होता. आजूबाजूच्या सगळ्या फ्लॅट्सचे एसी गुरगुरत होते आणि त्यांची गरम हवा आमच्या अंगावर येत होती. वरून एक विमान उतरत गेलं. ते दूर जाईपर्यंत सबनीस थांबले.

"रात्री उतरेल का रेषा?"

"थोडी. पुरेशी नाही."

"आणि पाऊस सुरू झाला की?"

"पाऊस भेगांत शिरेल. मग वेगळ्या तऱ्हेनं पडेल."

"मग थंडीत तरी?"

"थंडीत थांबेल. थोडे दिवस."

"थोडे दिवस," ते म्हणाले. त्यांनी माझ्या कपात उरलेला चहा ओतला, गाळणं बशीत ठेवलं, आणि म्हणाले, "तुम्ही सांगत जा हं, ताई. जे असेल ते सांगत जा. मला दुसरं कुणी सांगणारं नाही."